कोरडं अंग

"वरचं तोंड मिटलेलं दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही. जखम तळातून भरत वर यायला हवी. वरून झाकली गेली आणि खाली पोकळ राहिली, तर परत पहिल्यापासून सुरू. कळलं का? मान काय हलवताय, तोंडानं बोला."

दवाखान्याच्या ड्रेसिंगरूममधल्या बाईंचा हा आवाज, कायम सर्दी झाल्यासारखा, कुणावर तरी आधीच चिडून आलेला. आज पहाटे बाथरूममध्ये ह्यांचा दाढीचा आरसा पोटाखाली तिरका धरला आणि तो आवाज कानात आला, कारण तोंड मिटलेलं होतं. कालपर्यंत तिथे एक फट होती, लालबुंद, ओली, आणि तिच्यातून गॉजच्या पट्टीचं टोक बाहेर लोंबत असायचं. गेले काही दिवस ती पट्टी आत जाताना कुरकुर करत होती आणि मीही थोडी थोडी कमी भरत होते, दुखतं म्हणून, आणि खरं सांगायचं तर मिटली तर बरंच म्हणून. आज ती आपणहून निसटून पॅडला चिकटून आली होती. फटीच्या दोन्ही कडा एकमेकींना बिलगल्या होत्या, वर पातळ, गुलाबी, चकचकीत कातडं. पॅड कोरडं. मी ते उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी नेलं, दिव्याखाली धरलं. कोरडं ठणठणीत. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्या अंगातून काहीही बाहेर आलेलं नव्हतं. म्हणजे आज आसनावर बसता येणार. पहिला विचार हाच आला, बाईंचा आवाज त्याच्या पाठोपाठ. मी डाव्या बाजूला बोट दाबून पाहिलं. आत काहीतरी होतं, लिंबाएवढं, घट्ट, आजूबाजूच्या कातड्यापेक्षा गरम. नसेलही, मी स्वतःला सांगितलं, माझंच बोट गरम असेल. माणूस स्वतःला किती स्वस्तात फसवायला बघतं, ते बाथरूममध्ये एकटं असताना कळतं.

माझा नेम साधा आहे. उजाडायच्या आत अंघोळ, आसनावर बसून नाम, माळ पूर्ण होईपर्यंत कुणाशी शब्द नाही आणि पोटात पाण्याचा घोट नाही. लग्नाच्या आधीपासून हे चालत आलं आहे. लोकांना वाटतं त्यामुळेच मी शांत आहे. ऑफिसात तर ही दंतकथाच झाली आहे. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर घेते. नळ कोरडे पडले की माणसं माझी आई-बहीण काढतात आणि मी म्हणते, "हो दादा, तुमचा त्रास कळतो मला." आमचे साहेब नव्या मुलींना माझ्या टेबलाशी आणून उभं करतात. "ह्यांच्याकडून शिका. आवाज चढत नाही कधी." चढत नाही, खरं आहे. पण त्या 'हो दादा'च्या खाली मी त्या दादाला काय काय म्हणत असते ते ऐकलं, तर साहेब खुर्चीसकट मागे सरकतील. नामानं माझा राग गेला वगैरे नाही. नामानं त्याला बसायला नीट जागा मिळाली, एवढंच. आणि हे देवाला माहीत आहे, त्यामुळे आमच्यात तेवढा तरी आडपडदा नव्हता. निदान पोटावर चिकटपट्टी लावेपर्यंत नव्हता.

नेमाच्या आड एकच गोष्ट यायची. त्या दिवसांत आमच्या घरी देवघरात पाऊल टाकायचं नाही. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नाही, राखायचं काम मात्र वन्संकडे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आल्या त्या दोन ट्रंका आणि शिवाशिवीची सगळी कलमं घेऊन. गर्भाशयात गाठी झाल्या आणि माझं चार दिवसांचं आठ दिवसांवर गेलं, मग त्याला काही धरबंधच राहिला नाही. अर्धा महिना मी देवघराच्या दाराबाहेर, आणि आत वन्सं माझ्या आसनावर. त्या पोथी वाचतात ती वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी, आणि मधेच, ओळ न तोडता, त्याच सुरात, "गॅस बारीक कर गं." देव सगळं ऐकतो म्हणतात. आमचा देव आमच्या गॅसवर काय उकळतंय तेसुद्धा ऐकतो. मी बाहेर भिंतीला टेकून ऐकायचे आणि मला देवाची लाज वाटायची, म्हणजे त्याच्या वतीनं.

म्हणून सर्जन जेव्हा म्हणाले, "पिशवी काढावी लागेल," आणि हलक्या हातानं कागदी रुमालांचा डबा माझ्यापुढे सरकवला, तेव्हा मी लगेच म्हटलं, "काढा." त्यांना मी धीट वाटले. त्यांनी तसं ह्यांना बोलूनही दाखवलं. हे घरी येताना गाडीत म्हणाले, "तुला वाईट नाही ना वाटत? बाई म्हणून?" मुलगी होऊन, वाढून, परगावी नोकरीला लागून आता वर्षं झाली, त्या पिशवीनं करायचं ते केलं होतं. मला कशाचं वाईट वाटायला हवं होतं ते ह्यांनी कुठेतरी वाचलं असणार. माझ्या डोक्यात एकच होतं: आता खंड नाही. मरेपर्यंत एकही पहाट चुकणार नाही. पोटावर चाकू चालवून घ्यायला लोकांना कारणं लागतात, मला हे पुरेसं होतं. भूल चढताना माझ्या तोंडात नाम होतं आणि भूल देणाऱ्या माणसाला वाटलं मी घाबरले आहे. "काही होत नाही हं मावशी," तो म्हणाला. मावशी!

ऑपरेशन झकास झालं. हा शब्द सर्जनचा. टाके कातड्याच्या आत लपवले होते. "रेघसुद्धा दिसणार नाही," ते म्हणाले, जशी काही मी ती रेघ चारचौघांत दाखवत फिरणार होते. त्यांना तिचा इतका अभिमान होता की रोज पांघरूण बाजूला करून स्वतःच्याच कामाकडे बघायचे; माझ्या तोंडाकडे त्यांनी एकदाही पाहिल्याचं आठवत नाही. घरी आले आणि काही पहाटा मी आसनावर बसले. त्या पहाटा कशा होत्या हे मला सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही. मग एकदा माळ अर्ध्यावर असताना खाली काहीतरी कोमट लागलं. साडी ओली झाली होती. रक्त नव्हतं. पातळ चहासारखं पाणी, टाक्यांच्या एका टोकातून थेंब थेंब येत होतं. आता हे कशात मोडतं? पिशवी नाही म्हणजे ते नाही. पण वन्संच्या कायद्यात अंगातून गळतंय ते गळतंय, मग ते कुठूनही असो. विचारलं असतं तर उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही. दवाखान्यातही सांगितलं नाही, कारण दवाखान्याचं घरात कळतंच. मी औषधाच्या दुकानातून पाणी आत-बाहेर जाऊ न देणारी रुंद चिकटपट्टी आणली. कापसाची घडी, तिच्यावर पट्टी, पट्टीवर पट्टी, वरून पोटाचा पट्टा आवळून. एखादं पार्सल बांधावं तशी मी स्वतःला बांधली आणि बसले. कोरडी. इतकी वर्षं फुटक्या नळांच्या तक्रारी घेतल्यावर एवढं तरी यायला हवंच, असं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. रोज नवी पट्टी जुन्या पट्टीवर. उचकटून खाली बघायचं नाही असं ठरवलंच होतं. पोट तडतडायला लागलं, बसताना ठणका मारायला लागला, तेव्हा मी त्याला तप म्हटलं. काय पण शब्द! मग एका दुपारी अशी हुडहुडी भरली की दातांवर दात आपटायला लागले आणि वन्संनी माझ्या अंगावर घरातली सगळी पांघरुणं टाकून वर म्हटलं, "दृष्ट लागली असणार. फार कौतुक चाललं होतं सगळ्यांचं."

सर्जननी पट्ट्या ओढून काढल्या तेव्हा जो वास आला, तो मला ह्या जन्मी विसरता येणार नाही. ते एक पाऊल मागे सरकले. मग ह्यांना म्हणाले, "पेशंट जरा स्वतःच्या मनानं करतात का काही?" मी तिथेच होते, त्याच टेबलावर, पाय उघडे टाकून. त्यांना उत्तर ह्यांच्याकडून हवं होतं. ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला हे बघवत नाही हो," म्हणाले आणि बाहेर गेले. जेवताना टीव्हीवर अपघात बघत दुसऱ्यांदा भात मागून घेणारे हे. सर्जननी त्यांची लाडकी रेघ एका बाजूनं उसवली, आतलं सगळं वाहून जाऊ दिलं आणि हातमोजे फेकत म्हणाले, "आता शिवत नाही. उघडीच ठेवू. ही अशीच राहिली किंवा पुन्हा आत पू झाला, तर परत भूल देऊन सगळं साफ करावं लागेल, तेव्हा जपा." नंतर त्यांनी मला त्या ड्रेसिंगच्या बाईंच्या हवाली केलं आणि ते नवी रेघ मारायला गेले.

बाई थोराड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, खिडकीतला रेडिओ पुटपुटत ठेवलेला. मी दुखून कण्हले तर म्हणाल्या, "ओरडा की. इथे ओरडायला बंदी नाही." मी ओरडले नाही. टोपलीतलं पट्ट्यांचं भेंडोळं त्यांनी चिमट्यानं उचलून माझ्यासमोर धरलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कशासाठी?"

"गळत होतं."

"अहो, गळायलाच पाहिजे होतं. बाहेर पडायला वाट नको त्याला?"

मी गप्प बसणार होते. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार? पण त्या खोलीत काय होतं कोण जाणे, मी खरं सांगून टाकलं. "देवाजवळ बसायचं होतं. कोरड्या अंगानं."

बाई हसल्या. चांगल्या खो खो हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. "म्हणजे पोटात पू कोंडून देवासमोर बसलात. त्याला वास येत नसेल असं वाटलं?"

आयुष्यात कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. सगळे माझ्याशी असे बोलतात जसं काही मी तडा गेलेला कप आहे. ही बाई मला सरळ सरळ तुच्छ लेखत होती, लपवाछपवी न करता, आणि मला तिचा इतका संताप आला की दुखायचं थांबलं. काय समजते ही स्वतःला? रेडिओ ऐकत लोकांच्या जखमा पुसणारी. हिनं कधी एक पहाट तरी...

"आता घरी जाऊन परत काहीतरी असलंच करणार," त्या पट्टी खारट पाण्यात बुडवत म्हणाल्या.

"नाही करणार."

"सगळ्या तेच म्हणतात. आणि तुमच्यासारख्या गरीब आवाजाच्या तर सगळ्यात पक्क्या."

"मी दिलेला शब्द मोडत नाही," मी म्हणाले. हळूच म्हणाले, पण त्यातली धार त्यांना ऐकू गेली. हात थांबला त्यांचा.

"बरं, मग द्या. वरून मिटलं, खाली घट्ट लागलं, गरम लागलं, की त्या मिनिटाला इथे यायचं. चहा नाही, स्वयंपाक नाही, नवऱ्याला विचारणं नाही. आणि देव तर मुळीच नाही. तो नंतर. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तिच्या नाकावर टिच्चून पाळून दाखवायचं म्हणून म्हटलं. शब्द देण्यामागे मनात काय असतं ते कुणी विचारत नाही हे बरं आहे.

मग दिवस असे गेले की त्यांना दिवस म्हणवत नाही. आधी त्यांच्याकडे, मग आरसा धरून घरी: पट्टी काढ, धू, नवी पट्टी भर. पट्टी निघताना आतलं मांस धरून ठेवायची आणि सोडायची नाही. आसनावर वन्सं होत्या. फट उघडी होती आणि ती उघडपणे गळत होती, तेव्हा चर्चेला जागाच नव्हती. भेटायला माणसं यायची. ऑफिसातल्या दोघी आल्या, फळं ठेवली, माझ्या पलंगाच्या कडेवर अशा बसल्या की पट्टी आत कळवळली. "आता कसं वाटतंय?" एकीनं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल बघून घेतला. "तुमचा स्वभाव इतका शांत, तुम्ही भर्रकन बऱ्या होणार बघा." दुसरी म्हणाली, "माझ्या मामींचं पण अगदी हेच झालं होतं. त्या गेल्या." मग जीभ चावली आणि केळं सोलायला घेतलं. साहेब स्वतः आले, दारातच उभे राहिले, नाकाला रुमाल लावावासा वाटत होता पण बरं दिसणार नाही म्हणून खिशातच चुरगळत राहिले. मी सगळ्यांना म्हटलं, किती बरं वाटलं तुम्ही आलात. ह्यांनी रोज संध्याकाळी विचारलं, "झालं का आजचं?" दार लोटून घेतल्यावर बाहेरून. कपडे वाळत घालायचं झालं का, ह्या सुरात. रात्री पाठ करून झोपायचे. माझ्याकडे वळले तर काहीतरी दिसेल अशी भीती. मी त्या पाठीकडे बघत राहायचे. एवढी मोठी पाठ, आणि तिच्यावर इतकी वर्षं मी किती माया खर्च केली! मला सगळ्यांची अशी शिसारी यायची की तोंडात आलेलं नाम कडू लागायचं. आणि मग स्वतःची यायची, कारण मी त्या सगळ्यांना जवळ जवळ फसवलं होतं: त्यांना शांत बाई हवी होती, मी त्यांना ती पुरवली होती.

आज बाथरूमचं दार उघडलं तर समोर वन्सं. त्या माझ्या पायांच्या आवाजावरून सगळं ओळखतात.

"कोरडं?"

"कोरडं."

"झालं तर मग!" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. खोटं नव्हतं ते, हीच तर वन्संची पंचाईत आहे. "मी म्हणतच होते. काल माझ्या मनात आलंच होतं, आता मिटणार. बस गं बाई, बस आज तुझ्या जागेवर. माझ्यानं नाही होत आता, गुडघे बोलतात." आणि त्या आसन झटकायला, दिवा लावायला धावल्या. हे ब्रश तोंडात धरून बाहेर आले, ऐकलं, तोंडातला फेस सावरत म्हणाले, "सुटलो एकदाचे." सुटलो. बहुवचन. मला वाटलं आता हसू फुटेल, पण पोटाला हसणं परवडत नाही.

मी गेले. आसन अंथरलेलं होतं, तेच, एका कोपऱ्यातून विरलेलं. दिव्याची ज्योत अजून स्थिर व्हायची होती. देवघरात तो वास होता, जुन्या तेलाचा आणि फुलांचा, ज्याच्यासाठी मी पोट कापून घेतलं होतं. मला कुणी काही विचारत नव्हतं. मिटलं आहे, कोरडं आहे, उद्याही बसता येईल, परवाही, आणि जे लिंबाएवढं आहे ते विरघळेलही, विरघळतात म्हणे. मी गुडघे वाकवले. हळूहळू खाली बसले आणि मांडी पोटाला लागली, त्याबरोबर आतून अशी कळ आली की हातातली माळ गळून पडली. तिथे ऊब होती. बोटाची नव्हती ती. पट्ट्यांच्या खाली होती तीच, मी ज्याला तप म्हटलं होतं ती. मी माळ उचलली, पहिल्या मण्यावर बोट ठेवलं आणि तशीच राहिले. इतकी वर्षं रोज पहाटे मी देवाला दिलेला शब्द पाळत आले, आणि आत्ता पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तो त्यानं मागितलेला नव्हता. मीच दिला होता, मीच जपला होता, त्याला काही न विचारता. त्या सर्दीवाल्या बाईंनी मात्र शब्द मागून घेतला होता. समोर उभं राहून, कबूल का म्हणून विचारून. आणि आज नाही गेले तर त्यांना काही कळणारही नव्हतं. फार तर एक दिवस स्ट्रेचरवरून मला आत घेताना त्या म्हणाल्या असत्या, सगळ्या तेच म्हणतात. मला हे सहन होणारं नव्हतं. आत कोंडून पुन्हा त्याच्यासमोर कोरडं बसणंही सहन होणारं नव्हतं, ते मी तिथे बसून देवाला सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

मी जमिनीवर हात टेकून उठले. माळ डबीत ठेवली.

"अगं, दिवा लावलाय मी!" वन्सं दारात आडव्या आल्या. "बसल्या बसल्या कुठे उठलीस?"

"दवाखान्यात."

"आत्ता? उजाडलं तरी आहे का? बरं झालंय ना सगळं?"

"नाही, वन्सं."

"म्हणजे? आत्ता तर म्हणालीस कोरडं."

"कोरडं आहे. बरं नाही. त्या उघडतील परत."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे पुन्हा गळणार? पुन्हा तुझं ते... किती दिवस?"

"गळेल तितके."

हे शर्टाची बटणं लावत आले, उलटीसुलटी. "थांब जरा, मी येतो ना. आधी चहा तरी घेऊ, दवाखाना काय पळून जातोय का?"

"नको, तुम्ही चहा घ्या," मी नेहमीच्याच आवाजात म्हटलं. "तुम्हाला बघवत नाही." मी त्यांना काही लागेल असं बोलले का, हे ठरवायला त्यांना वेळ लागला असावा, कारण ते तसेच उभे राहिले. माझ्या आवाजानं इतकी वर्षं त्यांची ही सोय करून ठेवली आहे. मी पायात चपला सरकवल्या, वाकून पट्टा लावणं जमत नाही म्हणून तशाच. मग वळून म्हटलं, "वन्सं, दिवा लागलाच आहे तर तुम्ही बसा. फक्त आज मनात वाचा."

त्या काहीतरी म्हणाल्या. मी दार ओढून घेतलं. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे आणि ड्रेसिंगरूम इतक्या लवकर उघडत नाही, हे मला माहीत होतं. बाहेर बाक आहे. जिन्यातला दिवा कुणीतरी बंद केलेला होता. मी एका हातानं कठडा धरला, दुसरा पोटावर ठेवला, न दाबता, आणि अंग तिरकं करून एकेक पायरी उतरायला लागले.